धानाचं पोट

३ ऑगस्ट १९२०

— आणि रोवता रोवता तिसरी बांधी, धानाचं तिसरं खाचर, अर्धी झाली तेव्हा रोपांच्या पेंड्या संपल्या. आम्ही सगळ्या चिखलात वाकलेल्या, हात रिकामे. मजुरीला येणारी रुख्मा कंबरेवर हात ठेवून ओरडली, "बाई, तुमचा मालक पऱ्हे आनाले गेला का पऱ्हे पेराले?" सगळ्या हसल्या. मीही.

मग गाडी दुसरी खेप घेऊन आली. हे स्वतः हाकत होते. चाकांपर्यंत चिखल, गाडीत हिरव्या पेंड्यांचा ढीग. मला बरं वाटलं.

आमचे पऱ्हे, धानाची रोपं, जुलैत जळले. मृगात पेरले, नंतर पाऊसच नाही. आला तेव्हा जमिनीत पिवळं गवत उरलं होतं. भासऱ्यांकडे, यांच्या थोरल्या भावाकडे, मात्र दोन ठिकाणी पऱ्हे होते — विहिरीजवळ हलक्या धानाचे, तळ्याखाली भारीचे. पऱ्हे मागायला आलेल्याला आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मोबदलाही घेत नाहीत.

मी यांना बजावून सांगितलं होतं, हलकंच आणा. यंदाच्या पावसाचा भरवसा नाही. हलकं दसऱ्याच्या आत कापून होतं. भारीला त्यानंतरही महिनाभर पायाखाली ओल लागते.

गाडीजवळ जाऊन पुन्हा विचारलं, "हलकंच ना?"

"हलकंच. दादांनी विहिरीजवळचं काढून दिलं."

पेंडी हातात घेऊन पाहिली. काय दिसणार! पऱ्हे सगळे सारखेच हिरवे.

अंधार पडायच्या आत चारही बांध्या लावून झाल्या.

४ ऑगस्ट

कंबर! दुसरं काही लिहिवत नाही.

६ ऑगस्ट

रोवणीपुरती सुटी संपली, हे सकाळच्या आगगाडीने गोंदियाला परत गेले. चुन्नीलाल शेठच्या लाखेच्या गोदामात यांची नोकरी. एरवी रविवारी येतात, सोमवारी सालेकशाहून गाडी धरतात.

शिमग्याला भावाभावांची वाटणी झाली. आमच्याकडे चार बांध्या आल्या. यांचं म्हणणं, त्या दादांनाच अधियाने, निम्म्या वाट्यावर, द्याव्या आणि आपण गोंदियात बिऱ्हाड करावं. मी नाही म्हटलं. यांनी आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाहीत. म्हणाले, "एक साल देतो तुला. धान झालं तर आपण इथेच. नाही झालं तर गोंदिया — मग रडायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं.

गोंदियातली ती खोली पाहून आले आहे. खिडकी उघडली की गोदामाची भिंत. शेजारणी हिंदीत बोलतात, मी हसते. इथे पहाटे उठावं आणि कुणालाही न विचारता चालायला लागावं, अशी माझी एकच वाट आहे. ती बांध्यांकडे जाते.

बाबा भंडाऱ्याला शाळेत शिकवायचे. मुलीला शिकवून काय मिळालं, असं त्यांना लोक विचारत. अजून विचारत असतील.

५ सप्टेंबर

आठवडा झाला, थेंब नाही. कचारगडाच्या डोंगरावर रोज दुपारी ढग चढतात. संध्याकाळी आकाश पुसल्यासारखं.

धान मात्र चांगलं उभं आहे. गर्द. रुख्मा म्हणाली, "लई हिरवा हाय बाई, नजर लागन." बांधावर जुनी वहाण टांगली.

१२ सप्टेंबर, पोळा

आज शेतात पाय ठेवायचा नाही. आज धान गर्भ धरतं. बाळंतिणीच्या खोलीत शिरत नाहीत तसं.

यंदा अधिक महिना आला, पोळा उशिरा. रुख्मा म्हणते, "धानाले का पंचांग वाचता येते? त्याचं पोट आलं असन कवाच!"

बैलांच्या शिंगांना रंग लावला. हे आले नाहीत. गोदामात माल उतरायचा होता म्हणे.

१४ सप्टेंबर

तलावात पाणी थोडं. एकदाच सोडता येईल, तेही सगळ्यांना पुरणार नाही. म्हणून आज पोट पाहिलं.

आमच्या गावची ही जुनी रीत. पाणी कमी असलं की गावातला सर्वांत म्हातारा माणूस प्रत्येकाच्या बांधीत उतरतो, मधली एक काडी उपटतो आणि नखाने उभी फाडतो. आत लोंब धरलेली असली तर त्या बांधीला पाणी. नसली तर तिची पाळी गेली. त्यावर तंटा करायचा नाही. जे धान आता लोंब धरत नाही त्याला आता पाणी पाजणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटातलं काढून घेणं.

बकाराम म्हातारा पुढे, मागे पुरुष. पाणी सोडणारा कवडू तलावाच्या पाळीवर, तुडमाच्या म्हणजे तलावाच्या मोरीच्या खुंटीवर हात ठेवून वाट बघत. आम्ही बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लांब उभ्या. बकाराम काडी फाडायचा आणि आरोळी द्यायचा, "पोटुशी हाय!" लोक पुढे सरकायचे. भासऱ्यांच्या बांध्या झाल्या — चारही पोटुशा.

मग माझी बांधी. त्याने काडी फाडली. डोळ्यांजवळ नेली. दुसरी उपटली. मग तिसरी. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल.

"हे तं कुवारी हाय बाई!"

हशा झाला. कुणी तरी म्हणालं, "हलका लावला म्हने न?"

"कायचा हलका! भारी हाय हा. अजून महिना लागन याले."

चारही बांध्या पाहिल्या. चारही कोऱ्या. माझ्या हातात त्याने फाडलेली काडी दिली. आत हिरवं पाणी, बाकी काही नाही.

भासरे माझ्याकडे कधीच पाहत नाहीत. पण इतर वेळी ते समोर पाहतात. आज ते खाली मातीकडे पाहत होते.

कळलं मला! हलकं सांगून भारी त्यांनीच दिलं.

१५ सप्टेंबर

पाणी माझ्या धुऱ्याच्या कडेने भासऱ्यांकडे गेलं. दिवसभर आवाज. हातात फावडं होतं. एक घाव घातला असता तर माझ्याकडे वळलं असतं. घातला नाही. रीत मोडणारी मी पहिली होणार नाही. पऱ्ह्यांची रीत त्यांनी मोडली.

१६ सप्टेंबर

विहिरीवर अनुसयाबाई भेटल्या, माझी थोरली जाऊ. मी म्हटलं, "बाई, विहिरीजवळचं तुमच्यासाठी ठेवलं, तळ्याखालचं माझ्या पदरात टाकलं. बरं केलं."

त्या घागर भरता भरता थांबल्या. "का बोलून राहिली तू? आमी पऱ्हे देल्ले म्हनून तं लावलेस न? नाई तं काय लावत होतीस — बोटं?"

"कोणते दिले ते पाहिलं सगळ्या गावाने."

"शामकला, तोंड सांभार! तुया भासरा देवमानूस हाय."

देवमाणूस! मी घागर अर्धीच घेऊन निघून आले.

त्यांनाच विचारावं असं कितीदा मनात येतं. पण भासऱ्याशी मी बोलत नाही. लग्न झाल्यापासून एक शब्द नाही. लहान भावाच्या बायकोने भासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, सावली पडू द्यायची नाही. फारच निकड असली तर भिंतीला सांगायचं, म्हणजे ते ऐकतात. तेही भिंतीलाच उत्तर देतात. एरवी सगळं यांच्या तोंडून.

भिंतीला असलं काय विचारू?

२६ सप्टेंबर

हे आले. मी सगळं सांगितलं. टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "दादा असं करतील वाटलं नव्हतं."

मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात फार बरा वाटला. निदान एक माणूस आपल्या बाजूला आहे.

जेवताना म्हणाले, "उभ्या धानात बैल सोडून देऊ. त्यांचं तरी पोट भरेल. आणि पुढच्या महिन्यात तू चल. शब्द होता."

"अजून उभं आहे," मी म्हटलं.

"कशावर उभं राहील?"

मी ताट उचललं.

२ ऑक्टोबर

बांधीच्या खालच्या अंगाला जुनी बोडी, लहानसं तळं, आहे. तळाशी गढूळ पाणी, बेडकांपुरतं. रुख्मा आणि मी टोपल्याला चार दोर बांधले, समोरासमोर उभ्या राहिलो, झोका देऊन पाणी उलचलं. सकाळपासून दुपारपर्यंत एका बांधीचा कोपरा ओला झाला.

"बाई, मरनाऱ्याले पानी पाजून राहिलो आपन."

"मग पाजू नये का?"

"पाजावं. पन पाजनाऱ्याचे खांदे जातेत." आणि हसली.

जाणारे-येणारे थांबतात, बघतात. एकाने विचारलं, काऊन मरून राहिली? कुणी हात लावला नाही. यांच्या सगळ्यांच्या धानाला लोंबी लोंबतात. वारा आला की त्यांच्या बांध्यांतून वेगळाच आवाज येतो.

५ ऑक्टोबर

भासऱ्यांच्या घरून नव्या धानाचे पोहे आले. परत पाठवले.

९ ऑक्टोबर

आज बोलले.

मी एकटीच बोडीजवळ होते. भासरे बैल घेऊन आले, धुऱ्यावर थांबले. मी पदर ओढून पाठ केली. शेतात भिंत नाही, म्हणून ते बैलाशी बोलू लागले. "पाखऱ्या, भारी धान आता पोटावर येईन. आताच पानी पायजे त्याले. तुडमाखालच्या खड्ड्यात गाळाचं पानी उरलं हाय, कोनी घेत नाई. पाट मोकळा करून घ्यावा म्हनतो."

किती शांतपणे! माझं पीक बुडवायचं आणि वर बैलाला शहाणपण सांगायचं! मी वळले. पदर डोक्यावरून पडला, तो उचलला नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं, "मग हलकं का नाही दिलं?"

ते एक पाऊल मागे सरले. वाटलं, निघून जातील. मग त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते म्हातारे आहेत.

"हलकाच काढून ठेवला होता. पेंड्या बांधून. ईश्वर आला अन् म्हने, भारी दे. मीनं म्हटलं, बाप्पा, यंदाच्या सालात भारी? तं म्हने, शामकलाले भारीच पायजे. दोनदा इचारलं मीनं." बैलाच्या मानेवर हात ठेवला. "पोट पाहिलं त्या दिवशी मले वाटलं, तुयाच हट्टानं झालं, आता लोकायपुढे काऊन बोलावं."

मी धानाकडे पाहिलं.

"तुले नाई सांगतलं त्यानं?"

बैल हाकत निघून गेले. जरा पुढे जाऊन फावडं काढलं आणि पाट मोकळा करू लागले. मी तिथेच उभी.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

हलकंच. दादांनी विहिरीजवळचं काढून दिलं.

किती पटकन म्हणाले होते. बैल सोडता सोडता.

१० ऑक्टोबर

ईश्वरदास.

नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लिहिलं. काही झालं नाही. तो ओसरीवर दाढी करत बसला होता.

मी समोर जाऊन विचारलं. तोंडातून अजून 'तुम्ही'च निघालं. "भारी तुम्ही मागून आणलंत?"

वस्तरा थांबला. "कोण म्हणालं?"

"भासरे."

"तू दादाशी बोललीस?" जणू गुन्हा तोच!

मग म्हणाला, भारी जास्त पिकतं. मग म्हणाला, पाऊस राहिला असता तर तूच मला शाबासकी दिली असतीस. मी उभीच राहिले. शेवटी त्याने वस्तरा पुसून ठेवला. अर्धा चेहरा साबणाचा.

"मला नाही राहायचं इथे. लहानपणापासून नाही. तू जिंकली असतीस तर जन्मभर आकाशाकडे बघत बसावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"एक साल देतो म्हणालात."

"दिलं ना."

"आणि भावाचं नाव घेतलंत. मी रडत होते तेव्हा."

त्याने वस्तरा पुन्हा उचलला. उरलेली दाढी केली.

तो हात पाठीवर अजून आहे असं वाटतं. आंघोळ केली तरी.

१३ ऑक्टोबर

घट बसले. अनुसयाबाईंकडे गेले, दारातच उभी राहिले. त्या म्हणाल्या, "ये न आत. पोहे परत धाडले तं पोऱ्यायनं खाल्ले, तुयासाठी नाई उरले." आणि रागाने चुलीकडे वळल्या. पण पाट टाकला.

१६ ऑक्टोबर

गावभर हलक्याची कापणी. कापलेलं धान बांध्यांत पसरलेलं, वाळायला. भासऱ्यांचं सगळं कापून झालं.

गाळाचं पाणीही संपलं. आज मी स्वतः एक काडी उपटली आणि नखाने फाडली. आत लोंब आहे! पांढरी, ओली, सुतासारखी. दहा-बारा दिवस पाणी नाही मिळालं तर अशीच वाळेल. काडी पुन्हा मिटवून मातीत खोचली. वेडेपणा!

१८ ऑक्टोबर

पाऊस. दुपारी पूर्वेकडून आला. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

१९ ऑक्टोबर

पाऊस थांबत नाही. गाव हंबरडा फोडतंय — पसरलेलं धान पाण्यात. अनुसयाबाई, मी, रुख्मा, भासरे, सगळे गुडघाभर पाण्यातून ओलं धान धुऱ्यावर ओढत होतो. भासऱ्यांच्या हातातून मी पेंडी घेतली. बोटाला बोट लागलं. अनुसयाबाई रडत होत्या आणि शिव्या देत होत्या. आकाशाला, बैलांना, मला.

धुऱ्यापलीकडे माझ्या चार बांध्या भरल्या होत्या. काठोकाठ. मी तिकडे पाहायचं टाळलं.

२१ ऑक्टोबर

उघडलं. धुऱ्यावरच्या ढिगात हात घातला तर आत ऊब. लोंबीवरच कोंब फुटले आहेत, पांढरे. भासरे एक लोंब तळहातावर घेऊन बसले होते. भिंतीला नाही, बैलाला नाही, कुणालाच काही बोलले नाहीत.

माझं धान निसवायला लागलं, लोंबी बाहेर पडल्या.

२४ ऑक्टोबर

ईश्वरदास आला. बांधावर उभा राहून खूप वेळ बघत होता. घरी येऊन म्हणाला, "झालं तर मग. जिंकलीस." मी भाकरी वाढली.

१० नोव्हेंबर, दिवाळी

गावात मोजक्या घरी दिवे. आमच्या दारी मी लावले नाहीत. त्याने लावले.

२३ नोव्हेंबर

धान पिकलं. वरच्या बांधीत थोडं पोचट, खालच्या तिन्ही भरघोस. उद्या कापायचं. तो सकाळच्या गाडीने जाणार; कापणीला थांबणार नाही, हे कालच सांगितलं. बरं झालं. जाऊ दे त्याला. कबूल केलं होतं तेवढं मला मिळालं. बांध्या माझ्या, वाट माझी. त्याच्याशी पुढे काय, ते कापणीनंतर बघेन.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली. बकाराम, कवडू, आणखी दोघं-तिघं. भासरेही खांबाला टेकून. मी दाराआड.

"ईश्वर, खरं सांग लेका, तुले कसं समजलं? सारं गाव हलका लावून राहिलं, अन् तू एकटा भारी!"

"अंदाज होता," तो म्हणाला.

अंदाज!

"वाह रे वाह. गोदामात बसून पाऊस ओळखतो हा. पुढच्या साली आमालेबी सांगजो, बी तुयाच इचारानं ठेवू."

तो हसला. लाजल्यासारखा. गावात कुणी त्याला असं कधी विचारलं नव्हतं. मी आवाज ओळखला — त्याला आवडत होतं.

दाराआडून मी म्हटलं, "पीक बुडावं म्हणून आणलं होतं."

भासऱ्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

मग बकारामच हसला. "बुडवाले आनला अन् तरला! बाई, आमचंबी असंच बुडवा म्हना याले!" सगळे हसले. पोट धरून. ईश्वरदासही. कवडू म्हणाला, "धान झालं न बाई? मंग?"

भासरे उठले, वहाणा घातल्या, निघून गेले. एक शब्द नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळी ईश्वरदास गाडीला गेला नाही. नोकरी सोडल्याचा निरोप कवडूजवळ धाडला, विळा घेऊन पहिल्या बांधीत उतरला. मी चौथीकडून कापायला लागले.